अकरा कोड आणि एक पाखाडी

सकाळच्या सव्वाआठच्या एसटीत गेली दोन-तीन वर्षं एकच वाद चालू आहे. मतदान मशीनवर घ्यावं की पुन्हा कागदावर न्यावं. निवडणूक जवळ असो नसो, वाद रोज भरतो. बसायला जागा मिळालेले लोक बहुधा मशीनच्या बाजूचे असतात आणि दांडीला धरून उभे असलेले कागदाच्या, असं माझं निरीक्षण आहे. कंडक्टर दोन्हीकडून बोलतो, कारण त्याला दोन्हीकडचे सुटे पैसे हवे असतात.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात लिपिक आहे. दाखले, हजेरीपत्रकं, परीक्षेचे अर्ज, थोडक्यात याद्या, हे माझं काम. घरीही तेच. फ्रीजवर एक यादी, पर्समध्ये एक, आणि उशाशी उद्याची. त्यामुळे बसमध्ये कोणी माझं मत विचारलं तर मी सांगते, मशीन आणि कागद नंतर बघा, आधी यादी बघा. हे मत मी कुठं वाचलेलं नाही. ते आमच्या वाडीत, एका रविवारी, माझ्याच फोनवर येऊन धडकलं.

आमची बौद्धवाडी रत्नागिरी-राजापूर रस्त्यापासून आत, डोंगराच्या उतारावर आहे. वर डांबरी रस्ता आणि जुना विहार, खाली पऱ्या, म्हणजे पावसात भरून वाहणारा ओढा, आणि मध्ये एकाखाली एक घरं. चाळीसातली निम्मी घरं वर्षभर कुलपात असतात आणि मे महिन्यात उघडतात, कारण त्या घरची माणसं मुंबईत. मंडळ एकच, पण त्याच्या शाखा दोन, गाव शाखा आणि मुंबई शाखा. जवळजवळ प्रत्येक घराच्या ओटीवर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे. त्यामुळे कुठल्याही सभेत तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी कायद्यावर येतोच. मला ते आवडतं. इतर वाड्यांच्या सभेत लोक आवाजावर येतात, आमच्याकडे कलमावर येऊन मग आवाजावर येतात.

मंडळाची मी पंधरा वर्षं चिटणीस आहे. माझ्याआधीचे चिटणीस यादी डोक्यात ठेवायचे. मी ती वहीत आणली. नाव, वय, घर, मोबाइल, असे चार रकाने. पूर्वी घरटी एक मत असायचं आणि ते घरातला पुरुष द्यायचा. ते बदलून अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला सभासद करून घेतलं, तेव्हा सगळी यादी मीच नव्यानं लिहिली. एकशे त्रेसष्ट नावं. त्या यादीचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

वाद होता नव्या सभागृहाचा. जागा दोन. वरची जागा विहाराला लागून, पण सगळा कातळ. फोडायचा म्हणजे वेळ जाणार, खर्च वाढणार. मधली जागा सपाट, मातीची, आणि आदल्याच वर्षी तिथपर्यंत रस्ता आलेला. मुंबई शाखेला मधली हवी होती. अडचण एवढीच की आमची पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, बरोबर त्या जागेतून खाली उतरते. सभागृह तिथं झालं की पाखाडी बंद.

पाखाडीच्या खालच्या टोकाला घरं तीन. दोन कायमची कुलपात. तिसऱ्यात राहते खालची काकी. तिला सगळी वाडी खालची काकीच म्हणते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन मुरुडला. गुडघे दुखतात, पण ती रोज दोनदा वर येते, एकदा दुकानासाठी आणि एकदा विहारात संध्याकाळच्या वंदनेला. पाखाडी बंद झाली असती तर तिला पऱ्याच्या कडेनं वळसा घालून यावं लागलं असतं. उन्हाळ्यात ते दुप्पट अंतर. पावसात ती वाटच नाही, नुसतं शेवाळ आणि पाणी. म्हणजे चार महिने काकी घरात अडकणार, किंवा घर सोडून मुलीकडे जाणार. मुलीकडे कायमचं जायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

मुंबई शाखेचे पुढारी माझे चुलत दीर. वकील आहेत, आणि चांगले वकील आहेत. त्या रविवारच्या आदल्या मे महिन्यातल्या सभेत त्यांनी सातबारा काढून दाखवला. मधल्या जागेच्या सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, म्हणजे कायद्यानं तिथं वाट नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी आहेत. ते म्हणाले, मग मी साठ वर्षं कशावरून चालतोय. त्यावर वहिवाट, हक्क, पुरावा असं तासभर चाललं. शेवटी हात वर करून मत घ्यायचं ठरलं आणि तिथंच सभा मोडली. मुंबईची मुलं म्हणाली, ज्यांना रजा मिळाली नाही त्यांच्या मताचं काय. गावातले म्हणाले, तुम्ही आठ दिवस येणार, हात वर करणार आणि जाणार, चालायचं आम्हाला आहे. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर सभा मोडली.

माझी एक पुतणी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं तोडगा काढला. मतदान फोनवर घ्यायचं. प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर एक कोड येणार, तो टाकून लिंकवर जागा निवडायची. एक कोड, एक मत. ज्याला जिथं असेल तिथून देता येईल. वकील भाऊजींनी मंडळाच्या घटनेत तशी दुरुस्ती लिहून दिली. घटनेत एक जुनं वाक्य होतं, ‘प्रत्येक सभासदाने आपले मत स्वतः द्यावे.’ ते त्यांनी तसंच ठेवलं. पुतणीनं मला फक्त यादी मागितली. आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या यादीत चूक सापडली तर चिटणीसपद सोडेन.

रविवारी सकाळी नऊला कोड सुटणार होते. मी भाकऱ्या थापत होते आणि फोन पिठाच्या डब्यावर ठेवला होता. नऊ वाजले आणि फोन वाजला. मी म्हटलं, आला. मग तो परत वाजला. परत वाजला. तव्यावरची भाकरी उलटून होईपर्यंत तो बारा वेळा वाजला.

हात धुऊन बघितलं. प्रत्येक मेसेजवर सभासदाचं नाव आणि त्याखाली सहा आकडे. एक माझा. बाकीचे अकरा आमच्या वाडीतल्या अकरा म्हाताऱ्यांचे. त्यात सातवा खालच्या काकीचा.

हे कसं झालं ते कळायला मला अर्धं मिनिट पुरलं. लसीच्या दिवसांत प्रत्येक माणसामागे मोबाइल नंबर लागत होता. या अकराजणींकडे फोन नव्हता. मी प्रत्येकीपुढं माझा नंबर लिहिला आणि सगळ्यांना रांगेत उभं करून लस टोचून आणली. पुढं गॅस, रेशन, बँक, जिथं जिथं नंबर मागितला तिथं माझाच. कुणाचं काही अडू नये हा हेतू, आणि अडलंही नाही. सभासदांची यादी लिहिताना मी लसीच्याच वहीतून नंबर उतरवले. हे काम मी इतकं नीट केलं होतं की केल्याचं विसरूनही गेले होते.

चूक कळल्यावर मी काय केलं असेल, तर वही काढली. अकरा नावं, पुढं अकरा कोड. घरोघरी जायचं, प्रत्येकीला विचारायचं, ती सांगेल ते दाबायचं. दुपारपर्यंत काम संपेल. मला ते अगदी सरळ वाटलं.

पहिल्या घरी बाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, तू दाबशील तिथं. दुसरी थोडी वरच्या बाजूला, मधल्या जागेला लागून राहते. ती म्हणाली, तू शिकलेली, तू ठरव. तिसरीनं एवढंच विचारलं की मी स्वतः कुठं दाबणार, आणि मग म्हणाली, माझंही तिथंच. मी तिघींपुढं पेन्सिलीनं ‘वरची’ असं लिहिलं. तिसरं ‘वरची’ लिहिताना मला जाणवलं की मी तिघींचं मत लिहीत नाहीये, माझंच तीनदा लिहिते आहे. पण मी थांबले नाही. कोड अजून दाबले नव्हते, तेवढं खरं. मी पाखाडीनं खाली उतरले.

खालची काकी पडवीत कोकमं सुकत घालत होती. मी सगळं सांगितलं. ती हातातलं तसंच ठेवून उठली.

“म्हंजे अकरा मतं तुज्या फोनात हाईत?”

“कोड आहेत, काकी. मतं त्यांची आहेत.”

“मग दाब. हितं बसून दाब. मी पाणी आणतंय तुला.”

मी म्हटलं, तुमचं एक तुम्ही दाबा, मी फोन हातात देते. बाकीच्यांचं मी दाबणार नाही. हे माझ्या तोंडून निघालं तेव्हाच माझं ठरलं. तोवर मी दाबणार होते, हे मान्य करायला हवं.

“माज्या एकानं काय होतंय? मुंबईत गठ्ठ्यानं मतं हाईत.” काकी पायरीवर बसली. “माजी वाट जायाची वेळ आली, अकरा मतं तुज्या हातात हाईत, नि तू वही काढून बसलीस.”

मी तिला समजावलं की अकरा मतं एकाच नंबरवरून गेली आणि हे उद्या कुणाला कळलं, तर पाखाडीच्या बाजूची सगळीच मतं खोटी ठरतील, खरीसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोण सांगणार त्यांना? मी म्हटलं, मी. त्यावर ती आत गेली. पाणी आणलं नाही.

पाखाडी चढताना मी मधेच, बरोबर मधल्या जागेत, थांबले. तिथं फोनला रेंज चांगली येते. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या नंबरवर बारा सभासदांचे कोड आले आहेत. चूक माझ्या यादीची आहे. एकही कोड वापरलेला नाही. मतदान थांबवावे. चिटणीस.’ दोनदा वाचलं आणि पाठवलं. घरी पोचेपर्यंत मेसेज मोजण्यापलीकडे गेले होते.

असा वाद मी सव्वाआठच्या बसमध्येही ऐकला नव्हता. एकानं लिहिलं, गाव शाखेनं मतं लाटायचा डाव केला होता, पकडले जाणार म्हणून कबुली दिली. एकानं लिहिलं, फोन म्हटला की घोळ आलाच, पहिल्यापासून कागद मागत होतो. तिसऱ्यानं दोघांना देशाच्या निवडणुकीवर नेलं आणि मग कोणीच परत येईना. कोणी पुतणीच्या प्रोग्रामला नावं ठेवली. तिला ते लागलं. तिनं मला फोन केला. तिचा आवाज रडवेला होता, पण काम चालू होतं. तिनं यादी नंबरांप्रमाणे लावून बघितली होती.

“काकू, एकशे त्रेसष्ट नावं आहेत. नंबर एकशे चारच आहेत.”

मी म्हटलं, माझे अकरा वजा कर. तरी अठ्ठेचाळीस उरतात. ते कुठले?

“मुंबईचे. अख्ख्या घराला एकच नंबर. आणि त्यातले बरेच कोड नऊ वाजून दहा मिनिटांच्या आत वापरलेत.”

दुपारी चारला सगळ्यांची फोनवरून सभा लागली. चेहऱ्यांचे छोटे छोटे चौकोन, कोणी बाल्कनीत, कोणी जेवणाच्या टेबलावर. वकील भाऊजींनी सुरुवात केली. ते उगाच बोलत नाहीत, पण लागेल असं बोलतात. म्हणाले, वहिनींचा प्रामाणिकपणा मान्य आहे, पण ज्या यादीवर निवडणूक उभी आहे ती यादीच एका बाजूच्या हातात असेल तर निवडणूक न्याय्य कशी. वहिनींना वाडी आठवड्यातून सात दिवस भेटते. या अकराजणींवर त्यांचा प्रभाव आहे, हे त्या नाकारू शकतील का?

मी म्हटलं, नाकारत नाही. आज सकाळी तिघींनी मला तू ठरव असं सांगितलं. म्हणूनच थांबले. कबुली दिली की आमच्याकडे कुणाला पुढचं कलम सापडत नाही. मग मी विचारलं, “भाऊजी, मोठ्या काकूंचं मत कुणी दिलं?”

मोठ्या काकू म्हणजे त्यांची आई. ते म्हणाले, घरातलं मत घरात चर्चा करून दिलं. त्यांच्या मागच्या सोफ्यावरून आवाज आला.

“मतदान आज होतं काय?”

ते वळून आईला गप्प बसायची खूण करत होते, पण त्यांचा चौकोन सगळ्यांना दिसत होता. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. भाऊजींनी कान लाल झालेल्या अवस्थेत कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मी आईचं आणि बायकोचं, दोघींचं मत दिलं. घटनेतलं वाक्य मीच ठेवलं होतं. हे मतदान रद्द समजावं. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी आदर वाटला. लपवणं त्यांना सोपं होतं, निदान आईचा आवाज येईपर्यंत.

त्यांच्यानंतर एकेक करून बाकीचे बोलले. कोणी चौघांचं दिलं होतं, कोणी पाचांचं. कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. घरातलं सिलिंडर बुक करतो तसं मत दिलं, असं एक जण म्हणाला. आम्ही घरटी एक मत कागदावरून काढून टाकलं होतं. ते फोनमध्ये जाऊन बसलं होतं.

मी राजीनामा देते म्हणाले, कारण तसं बोलले होते. गुरुजी म्हणाले, “चिटणीसबाई, आधी यादी करा, मग राजीनामा द्या. नाहीतर तो तरी कुणाच्या नंबरवर पाठवणार?” ते इतिवृत्तात मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

मग कामाला लागलो. नियम मी आणि भाऊजींनी मिळून लिहिला, आणि यात त्यांचा कायदा फार उपयोगी पडला. एका नंबरावर एकच सभासद. स्वतःचा नंबर असेल तो फोनवर मत देईल. नसेल तो मे महिन्यातल्या बुद्धपौर्णिमेला विहारात येऊन कागदावर देईल, पडद्याआड, एकटा. दोन्हीकडची मोजणी एकाच वेळी, सगळ्यांसमोर. मधल्या जागेच्या बाजूचा एक माणूस आणि वरच्या जागेच्या बाजूचा एक, शेजारी शेजारी बसणार.

यादी पुन्हा करायला मला महिना लागला. रोज शाळेतून आल्यावर पाच ते सात मी फोन घेऊन बसायची. नियम एकच, सभासदाचा आवाज स्वतः ऐकायचा. मुंबईत फोन लावला की पुरुष म्हणायचे, मला सांगा, मी सांगतो तिला. मी म्हणायची, तिलाच द्या. मग भांड्यांचा आवाज थांबायचा, पदराला हात पुसल्याचं जवळजवळ ऐकू यायचं, आणि कोणीतरी वहिनी बिचकून बोलायची. काहींना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हतं. एकीनं विचारलं, दोन्ही जागा मी बघितल्यात, पण मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, आता सांगू का? मी म्हटलं, मला नाही, त्या दिवशी कागदाला सांगा.

या सगळ्या महिन्यात खालची काकी माझ्याशी बोलली नाही. पाखाडीवर समोरासमोर आलो तर ती चिऱ्याच्या कडेला उभी राहून मला वाट द्यायची. ती वाट देणं मला फार लागायचं. मी सगळं बरोबर केलं होतं याची मला खात्री होती, आणि तिची वाट जाऊ शकते याचीही होती. दोन्ही गोष्टी एकाच वहीत मावत नव्हत्या.

मे उजाडला, कुलपं उघडली. मला वाटलं होतं काकी विहारात येऊन रडेल, पाया पडेल, किंवा भांडेल. तिनं यातलं काहीही केलं नाही. तिनं लोकांना सरबताला बोलावलं.

मुंबईहून जो येईल त्याला ती सांगायची, माझ्याकडे कोकम सरबत घेतल्याशिवाय जायचं नाही. माणसं पाखाडीनं गप्पा मारत खाली उतरायची, सरबत प्यायची, फणसाचे गरे खायची. निघाली की काकी दारात उभी राहून म्हणायची, आता तिकडनं जावा, पऱ्याच्या कडेनं. का विचारलं तर म्हणायची, पुढल्या वर्षापास्नं तीच वाट हाय म्हणतात, आत्तापास्नं पायाला सवय करा. आणि म्हातारीचा शब्द मोडणार कोण. सँडलवाली, बूटवाली, कडेवर पोरं घेतलेली, सगळी माणसं त्या वाटेनं चढली. वकील भाऊजीही चढले. ते वर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटवर डाव्या बाजूला माती होती. मी काही विचारलं नाही. ते गुरुजींना म्हणाले, हा सरळ सरळ प्रचार आहे. गुरुजी म्हणाले, घटनेत प्रचाराला बंदी नाही, आणि सरबताला तर नाहीच.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी वंदना झाली आणि विहाराच्या कोपऱ्यात माझ्या जुन्या साडीचा पडदा लावला. अकराही जणी आल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी कागदावर पुतणीनं चित्रं छापली होती, वरच्या जागेसाठी विहार आणि मधल्या जागेसाठी फणसाचं झाड, कारण मधल्या जागेत फणस आहे. पुतणी लॅपटॉप घेऊन बसली होती, शेजारी दोन बाजूंची दोन माणसं, त्यांतल्या कुणालाही चहालाही एकटं उठू दिलं नाही. काकी पडद्याआड गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. आली ती माझ्याकडे न बघता पेटीकडे गेली.

दुपारी मोजणी. कागद मी उलगडायचे, भाऊजींनी मोठ्यानं वाचायचं, गुरुजींनी फळ्यावर खडूनं रेघ ओढायची. दोन कागद बाद झाले, कारण त्यांवर दोन्ही चित्रांवर खूण होती. फोनची आणि कागदाची मिळून बेरीज झाली तेव्हा वरची जागा शहात्तर, मधली सदुसष्ट. शेवटचा आकडा भाऊजींनीच वाचला आणि इतिवृत्तावर पहिली सही त्यांनी केली. सही करताना म्हणाले, “वहिनी, कातळ फोडायचा खर्च आता तुमच्या डोक्यावर.” मी म्हटलं, यादी करून ठेवते. त्यांच्या बाजूच्या एकाही माणसानं निकालावर बोट ठेवलं नाही. हरल्यावर वाद नाही, ही आमच्या वाडीच्या आठवणीतली पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मधल्या जागेला लागून राहणारी, ती तू शिकलेली तू ठरव म्हणणारी बाई, विहिरीवर भेटली. सहज बोलता बोलता म्हणाली, तिनं फणसावर खूण केली होती. सभागृह शेजारी झालं असतं तर सगळे कार्यक्रम घरबसल्या ऐकता आले असते. मी बादली खाली ठेवली. त्या रविवारी मी तिच्यापुढं ‘वरची’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, मग तेव्हा मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तू एवढं उन्हातनं आलीस, तुला नाय कसं म्हणायचं?

ती पेन्सिलीची तीन ‘वरची’ अजून माझ्या वहीत आहेत. मी खोडली नाहीत. यादी चुकली तर ती फाडायची नसते, खाली नवी लिहायची असते, हे मी शाळेतल्या नव्या लिपिकांनाही शिकवते.

त्या अकराजणींपैकी सहाजणींना मुलाबाळांनी आता साधे फोन घेऊन दिले आहेत. त्यांच्यापुढचा माझा नंबर खोडून मी त्यांचे नंबर लिहिले. उरलेल्या पाचजणींपुढं रकाना रिकामा ठेवायचं ठरवलं. पंधरा वर्षांत माझ्या यादीत रिकामा रकाना कधी नव्हता, त्यामुळे ते ठरवायला जरा जड गेलं. खालची काकी त्या पाचांतली. तिचा रकाना रिकामा ठेवण्याआधी तिला विचारायला हवं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मी वही घेऊन खाली गेले.

ती पडवीतच होती. मी म्हटलं, काकी, मुलीचा नंबर लिहू का तुमच्यापुढं? तिनं माझ्याकडे बघितलं. मग आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली.

“कुणाचा नको,” ती म्हणाली. “मला काय इचारायचं झालं तर खाली ये. पाखाडी हाय ना.”

मी पाणी प्यायले, वही बंद केली आणि वर निघाले. अर्ध्या वाटेत दोन चिरे हलतात, ते पावसाआधी बसवून घ्यायला हवेत. ते मी घरी गेल्यावर यादीत लिहिलं.